राजा गेल्यावर वीस वर्षांनी : गोव्यातले लेखक, राजेशाही आणि स्वातंत्र्याची मागणी

फोंड्याच्या एका एम.ए.च्या विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न असा : “थॉमस पेन यांनी १७७६ साली राजेशाहीवरच घाव घालून अमेरिकेचे स्वातंत्र्य मागितले. पोर्तुगिजांच्या साडेचारशे वर्षांच्या अमलात गोव्यातल्या कुणी असे लिहिले का? की आपले लेखक लिस्बनला अर्जच करीत राहिले? प्रबंधासाठी सुरुवात कुठून करू?”

राजेशाहीवर टीका गोव्यात झाली आणि स्वातंत्र्याची मागणीही झाली. पण अमेरिकेत या दोन गोष्टी एका पुस्तिकेत, एका दमात आल्या. गोव्यात त्यांच्यामध्ये शंभराहून जास्त वर्षे गेली. आपल्या लेखकांनी निरंकुश राजाला विरोध केला तेव्हा पोर्तुगालपासून वेगळे व्हायची भाषा त्यांच्या तोंडी नव्हती. आणि वेगळे व्हायची भाषा आली तेव्हा लिस्बनच्या सिंहासनावर राजाच उरला नव्हता. गोवेकर लेखकाला तोडायला लावले ते प्रजासत्ताकाच्या नावाने चाललेल्या हुकूमशाहीने. इतकी वर्षे गोव्याच्या इतिहासाची जुनी वर्तमानपत्रे आणि पुस्तिका वाचून माझे हे मत पक्के झाले आहे. ते का, तेच सांगतो.

आधी पेन यांच्याबद्दल थोडे, कारण तुलना तिथून सुरू होते. ते जन्माने इंग्रज. फिलाडेल्फियाला येऊन त्यांना जेमतेम वर्ष झाले होते, तेव्हा जानेवारी १७७६ मध्ये ‘कॉमन सेन्स’ निघाले. तोवर अमेरिकी वसाहतींची तक्रार पार्लमेंटविरुद्ध, मंत्र्यांविरुद्ध, करांविरुद्ध होती. राजा चांगला आहे, त्याच्यापर्यंत आपले गाऱ्हाणे पोहोचत नाही, अशी समजूत होती. जुलै १७७५ मध्ये त्यांच्या काँग्रेसने तिसऱ्या जॉर्जकडे समेटाचा अर्जही धाडला होता, तो राजाने हातातसुद्धा घेतला नाही. म्हणजे अर्ज तिथेही झाले. पेन यांनी पुढचे पाऊल टाकले. त्यांनी म्हटले, हा राजा वाईट की चांगला हा वादच नको, बापाच्या मागे मुलाला राज्य मिळते हीच रीत बुद्धीला पटणारी नाही, आणि एका बेटाने खंडावर राज्य करावे हेही नाही. एकदा हे मान्य केले की स्वातंत्र्य आपोआप पुढे येते.

पेन आपल्याकडेही वाचले गेले. महात्मा फुल्यांनी १८४७ च्या सुमारास त्यांचे मानवी हक्कांवरचे पुस्तक वाचले, आणि १८७३ ची ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. लोकहितवादींनी ‘प्रभाकर’मधल्या पत्रांत १८४८ च्या सुमारास पार्लमेंटची गोष्ट काढली. भास्कर पांडुरंग तर्खडकरांनी १८४१ मध्ये ‘बॉम्बे गॅझेट’मध्ये टोपणनावाने इंग्रजी राज्याचा हिशेब मांडला. तरीही ब्रिटिश हिंदुस्थानात टीकेचा रोख कंपनीवर आणि साहेबांवर राहिला, राणीवर फारसा गेला नाही. तेव्हा गोव्यातल्या लेखकांना एकट्यालाच ‘अर्जदार’ ठरवू नका.

गोव्याची पहिली अडचण अगदी साधी होती. लिहिणारे होते, पण छापायचे कुठे? भारतातला पहिला छापखाना १५५६ साली गोव्यातच आला, जुन्या गोव्याच्या सेंट पॉल कॉलेजात. पण अठराव्या शतकाच्या मध्याला लिस्बनच्या सरकारने गोव्यात छपाईला बंदी केली, आणि १८२१ पर्यंत इथे छापखाना नव्हता. अमेरिकेत पुस्तिका हातोहात खपत होत्या त्या काळात गोव्यात एक पान छापायची सोय नव्हती. ही गोष्ट प्रबंधात पहिल्याच प्रकरणात यायला हवी. ‘आपल्याकडे पेन का झाले नाहीत’ या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यात आहे.

म्हणूनच १७८७ च्या पिंटोंच्या बंडाचा जाहीरनामा मिळत नाही. कांदोळीच्या पिंटो घराण्याचे नाव त्याला पडले. मुळाशी होती ती गोवेकर पाद्रींची नाराजी. शिक्षण सारखे, दीक्षा सारखी, पण बिशपपद गोऱ्यालाच. कायतान फ्रान्सिस्को कौतो आणि जुझे आंतोनियो गोन्साल्विस हे दोन पाद्री हीच दाद मागायला लिस्बनला गेले आणि हात हलवीत परतले. कट फुटला तेव्हा ४७ जणांना पकडले, त्यांत १७ पाद्री होते. १५ जणांना १७८८ मध्ये मृत्युदंड झाला. पाद्रींना लिस्बनला नेऊन वर्षानुवर्षे तुरुंगात ठेवले. त्यांना काय हवे होते, हे आपल्याला त्यांच्यावर खटला भरणाऱ्यांच्या कागदांतूनच कळते, त्यांच्या स्वतःच्या लेखणीतून नाही.

इथे एक सांगतो, कारण ही चूक विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत नेहमी दिसते. ‘फ्रेंच राज्यक्रांतीने प्रेरित होऊन पिंटोंनी बंड केले’ असे लिहू नका. फ्रेंच राज्यक्रांती १७८९ ची, बंड १७८७ चे. या बंडाशी ज्यांचे नाव जोडले जाते ते गोवेकर पाद्री आबे फारिया पुढे पॅरिसमध्ये क्रांतीच्या धामधुमीत होते हे खरे, पण ते नंतरचे. अमेरिकेचे स्वातंत्र्य मात्र तोवर जगजाहीर झाले होते.

आता १८२१. आदल्या वर्षी पोर्तुगालमध्ये उदारमतवाद्यांचा उठाव झाला होता, राजाला घटनेच्या चौकटीत आणायचे ठरले होते. त्याचे वारे गोव्यात आले आणि १६ सप्टेंबर १८२१ रोजी व्हाइसरॉय कोंद दि रिओ पार्दोला खाली खेचण्यात आले. डिसेंबरात ‘गाझेता द गोवा’ निघाले. ते सरकारी पत्र होते, पण छापखाना परत आला हे महत्त्वाचे. १८२२ च्या निवडणुकीत लिस्बनच्या संसदेसाठी जे तीन प्रतिनिधी निवडले गेले त्यांत दोघे गोवेकर होते, बेर्नार्दो पेरेस दा सिल्वा आणि कोंस्तांसियो रोके दा कोस्ता.

पेरेस दा सिल्वांजवळ मी तुम्हाला जरा थांबायला सांगेन. तिसवाडीतल्या नेवऱ्याचा हा माणूस. गोव्याच्या राजकीय लेखनाची सुरुवात मी त्यांच्यापासून धरतो. राजा घटना मानील या भरवशावर ते समुद्र ओलांडून गेले, पण १८२३ मध्ये घटनाच गुंडाळली गेली. १८२८ मध्ये राजपुत्र दों मिगेलने निरंकुश सत्ता बळकावल्यावर त्यांना पोर्तुगाल सोडून पळावे लागले. परागंदा असताना, १८३२ साली, त्यांनी रिओ द जानेरोमध्ये एक पुस्तिका छापली. एक तत्त्वज्ञानाचा पंडित आणि एक ‘हिंदुस्थानातला पोर्तुगीज’ लिस्बनमध्ये घटनेविषयी, तिच्या फायद्यांविषयी आणि ती टिकवण्याच्या उपायांविषयी बोलत आहेत, अशी तिची संवादरूप मांडणी आहे.

ही पुस्तिका पेन यांच्या पुस्तिकेशेजारी ठेवून पाहा. दोन्ही राजकारणाचे शिक्षण सामान्य वाचकाला देऊ पाहतात. दोन्ही लेखक घरापासून दूर आहेत. पण पेन राजा नको म्हणतात, तर पेरेस दा सिल्वांना राजा घटनेने बांधलेला हवा आहे. आणि त्यांचे पात्र स्वतःची ओळख ‘हिंदुस्थानातला पोर्तुगीज’ अशी करून देते. त्यांच्या दृष्टीने गुलामीचे कारण लिस्बनशी असलेले नाते हे नव्हते, तर ते नाते बरोबरीचे नसणे हे होते. घटना आली की बरोबरी येईल.

आली का? ते उत्तर त्यांना स्वतःच्या आयुष्यातच मिळाले. उदारमतवादी जिंकले, आणि पेरेस दा सिल्वा गोव्याचे प्रिफेक्त, म्हणजे मुलकी कारभाराचे प्रमुख, नेमले गेले. ४५१ वर्षांत त्या गादीवर बसलेला हा एकटा गोवेकर. १४ जानेवारी १८३५ ला त्यांनी सूत्रे घेतली आणि १ फेब्रुवारीला लष्कराने त्यांना हाकलले. मुंबईला, मग दमणला आसरा घ्यावा लागला. त्यांची बाजू घेणाऱ्या सैनिकांची गास्पार दियासच्या किल्ल्यात, म्हणजे आजच्या मिरामारला, कत्तल झाली. पोर्तुगालच्या राणीच्या हुकुमाने नेमलेला माणूस राणीच्याच फौजेने घालवला, आणि राणीच्या सरकारने त्याला परत बसवले नाही. पेन यांनी या एका घटनेवर पुस्तिका लिहिली असती. पेरेस दा सिल्वा पुन्हा लिस्बनच्या संसदेत गेले आणि १८४४ मध्ये मरेपर्यंत घटनेवरचा विश्वास त्यांनी सोडला नाही. याला मी भोळेपणा म्हणत नाही. फौज परक्याची, बंदूक परक्याची, आणि १५ जणांच्या फाशीची आठवण जिवंत असलेली माणसे गावागावात होती. अशा वेळी कायद्याचा आधार हेच हाती असलेले शस्त्र होते.

त्यांच्या पुढच्या पिढीचे फ्रान्सिस्को लुईस गोम्स. जन्म नावेली, १८२९. डॉक्टर, अर्थशास्त्रज्ञ, कादंबरीकार. १८६० मध्ये संसदेवर निवडून गेले आणि तिथल्या पहिल्याच भाषणात वसाहतींच्या प्रतिनिधित्वाच्या हक्कासाठी उभे राहिले. पणजीच्या कांपालच्या बागेला त्यांचे नाव आहे, त्यामुळे नाव सगळ्यांना माहीत असते. पण वाचायचे ते त्यांचे जानेवारी १८६१ चे पत्र. फ्रेंच कवी लामार्तिन यांना ते फ्रेंचमध्ये लिहिलेले आहे. गोम्स सांगतात की मी त्या पूर्वेकडच्या देशात जन्मलो जो एकेकाळी काव्याचा, तत्त्वज्ञानाचा, इतिहासाचा पाळणा होता आणि आज त्यांचे थडगे आहे. ज्यांनी महाभारत रचले आणि बुद्धिबळ शोधले त्या वंशाचा मी आहे. आणि पुढे मागणी येते : हिंदुस्थानसाठी मी स्वातंत्र्य आणि प्रकाश मागतो.

इथपर्यंतचा मजकूर भाषणांत, फलकांवर, स्मरणिकांत सापडतो. पुढचे वाक्य सहसा गाळतात. ते म्हणतात, माझ्यापुरते सांगायचे तर माझ्या देशबांधवांपेक्षा मी सुखी आहे, मी स्वतंत्र आहे. आणि जोडीला लॅटिनमध्ये : मी नागरिक आहे.

हे दुसरे वाक्य सोडून पहिले उद्धृत करणे हा गोम्सांवर अन्याय आहे. हिंदुस्थानचे स्वातंत्र्य ते मागतात ते इंग्रजांच्या ताब्यातल्या हिंदुस्थानचे. त्यांची १८६६ ची ‘ब्राह्मण’ ही कादंबरीही १८५७ च्या काळातल्या अवधमध्ये घडते. तिच्यात हिंदू ब्राह्मणाचा जातीचा ताठा आणि गोऱ्या मळेवाल्याचा रंगाचा ताठा यांना त्यांनी एकाच मापाने मोजले आहे. पण स्वतः पोर्तुगीज नागरिक असल्यामुळे आपण मुक्त आहोत, असे त्यांना मनापासून वाटत होते. लिस्बनच्या संसदेत उभे राहून मंत्र्याला जाब विचारणाऱ्या माणसाला तसे वाटणे समजू शकते. त्या काळी इंग्रजी हिंदुस्थानातल्या कुणाला वेस्टमिन्स्टरमध्ये अशी जागा नव्हती. पोर्तुगीज राज्याने मूठभर सुशिक्षित ख्रिस्ती गोवेकरांना ही खुर्ची दिली आणि त्या खुर्चीने स्वातंत्र्याची भाषा कित्येक दशके लांबवली. वयाच्या चाळिशीत, गोव्याकडे निघालेल्या जहाजावर गोम्स वारले. आणखी वीस वर्षे मिळती तर ते कुठे पोहोचले असते, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गोव्यात काय झाले ते पटकन सांगतो. मडगावहून १८५९ मध्ये ‘ओ उल्त्रामार’ निघाले, ओर्लीहून १८६१ मध्ये ‘आ इंदिया पोर्तुगेझा’. खाजगी पत्रकारितेची ही सुरुवात. पण एकामागे ख्रिस्ती ब्राह्मण, दुसऱ्यामागे चाड्डी ही दुसरी वरची ख्रिस्ती जात, आणि निम्मी शाई एकमेकांवर खर्च झाली. २१ सप्टेंबर १८९० ला मडगावात पालिकेच्या निवडणुकीच्या वेळी सैनिकांनी चर्चपुढे गोळीबार केला, माणसे मेली, तेव्हा काही काळ सगळ्यांचा रोख सरकारवर वळला. सत्तरी तालुक्यातल्या राणे घराण्याची बंडे याच शतकातली : १८५२ मध्ये दीपाजी राणे, १८९५ मध्ये दादा राणे. शौर्यात कुणाला न हटणारी, पण गाऱ्हाणी वतनांची, करांची, रीतिरिवाजांत ढवळाढवळ केल्याची. राज्यपद्धतीवर त्यांच्याकडून लेखन आले नाही, म्हणून इथे थांबत नाही.

आता हिंदूंकडे वळू, कारण मराठी साधने तुम्हाला तिथेच लागतील. गोम्स ‘मी नागरिक’ म्हणत होते तेव्हा फोंड्याचा किंवा डिचोलीचा हिंदू तसे म्हणू शकत होता का? पोर्तुगालची १८२६ ची सनद काढून सहावे कलम वाचा. कॅथलिक धर्म हा राज्याचा धर्म, आणि इतर धर्मांची मुभा परदेशी माणसांना, तीही घरातल्या घरात, बाहेरून देवळासारखी दिसणार नाही अशा जागेत. म्हाडदोळ-मंगेशीच्या दीपमाळा उभ्या असलेल्या मुलखात हा मूळ कायदा! नव्या काबिजादीतल्या, म्हणजे पोर्तुगिजांनी अठराव्या शतकात घेतलेल्या फोंडा-डिचोलीसारख्या मुलखातल्या लोकांना त्यांच्या चालीरीती पाळण्याची हमी वेगळी मिळाली होती, त्यामुळे देवळे चालली. पण नोकरीत, शिक्षणात, मानात हिंदू दुय्यम राहिला. म्हणून ख्रिस्ती उदारमतवाद्याला राजेशाही ही घटनेने सुधारता येणारी गोष्ट वाटे, तर हिंदूला राजमुकुट आणि क्रूस एकच दिसे.

मराठीत लेखन सुरू झाले होते. आत्माराम पुरुषोत्तम सुखठणकरांचे ‘देशसुधारणेच्छु’ १८७७ चे, मराठी आणि पोर्तुगीज अशा दोन भाषांत. त्याचा भर नावाप्रमाणे सुधारणेवर, शिक्षणावर. राजावर थेट घाव तिथे शोधू नका. पणजीचा मुष्टिफंड ही शिक्षणसंस्था १९०८ ची, घरोघरच्या मूठभर तांदळावर उभी राहिलेली. ही तयारी होती. ५ ऑक्टोबर १९१० ला लिस्बनमध्ये राजा दुसरा मान्युएल पळाला, प्रजासत्ताक आले, १९११ च्या कायद्याने धर्म आणि सरकार वेगळे झाले, आणि गोव्यातल्या हिंदूंना बरोबरीचे हक्क मिळाले. पुढच्या काही वर्षांत मराठी शाळा, वाचनालये, नियतकालिके भराभर निघाली. केप्याचे गोविंद पुंडलिक हेगडे देसाई यांचे ‘भारत’ १९१२ पासूनचे. त्यांनी खटले अंगावर घेतले, तुरुंगवास भोगला, पण पत्र सोडले नाही. सीमेपलीकडून ‘केसरी’ येतच होता. १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली ती अग्रलेखांसाठी, हे इथल्या वाचकाला ठाऊक होते.

म्हणून १९१० नंतरची पंधरा वर्षे गोव्यातल्या लेखकाने राजेशाहीला झोडपले ते खुल्या आवाजात, कारण राजा गेला होता. लुईस मिनेझिस ब्रागांझा त्यांत अग्रभागी. चांदरचे, जन्म १८७८. मेसियश गोम्स यांनी १९०० मध्ये काढलेल्या ‘ओ हेराल्दो’ या गोव्यातल्या पहिल्या पोर्तुगीज दैनिकाच्या उभारणीत ते होते. १९११ मध्ये त्यांनी ‘ओ देबात’ काढले. जन्माने कॅथलिक जमीनदार, विचाराने पाखंडी, आणि हिंदूंच्या बरोबरीच्या हक्कांचा हा माणूस सातत्याने कैवार घेत राहिला. प्रजासत्ताक आपल्याला स्वायत्तता देईल असा त्यांचा आणि त्यांच्या पिढीचा विश्वास होता. काही अंशी तो खराही ठरत होता.

मग २८ मे १९२६ ला लिस्बनमध्ये लष्कराने सत्ता घेतली. सेन्सॉर आला. १९२८ मध्ये कोइंब्रा विद्यापीठातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक सालाझार अर्थमंत्री झाले, १९३० मध्ये वसाहतींचे खातेही काही महिने त्यांच्याकडे आले, आणि ‘आक्तो कोलोनियाल’ म्हणजे वसाहत कायद्याचा मसुदा पुढे आला. त्याच्या दुसऱ्या कलमात म्हटले होते की समुद्रापलीकडच्या मुलखांची मालकी आणि वसाहत करणे, तिथल्या रहिवाशांना सुसंस्कृत करणे हे पोर्तुगीज राष्ट्राच्या सेंद्रिय स्वरूपातच आहे. पेरेस दा सिल्वांचा ‘हिंदुस्थानातला पोर्तुगीज’ आणि गोम्सांचा ‘नागरिक’ या एका कलमाने पुसला गेला. शंभर वर्षे ज्या बरोबरीच्या वचनावर गोवेकर लेखक उभा होता, ते वचन सरकारने स्वतःच मागे घेतले.

४ जुलै १९३० ला, कायदा जारी होण्याच्या चार दिवस आधी, मिनेझिस ब्रागांझा पणजीच्या कौन्सिलात उभे राहिले. त्यांच्या ठरावाचा आशय असा : सर्व लोकसमूहांना आपले व्यक्तित्व पूर्णत्वाला नेण्याचा, आपले भवितव्य स्वतः ठरवू शकणारे घटक होण्याचा जो हक्क आहे, तो पोर्तुगीज हिंदुस्थान सोडून देत नाही, कारण तो त्यांच्या सेंद्रिय स्वरूपातलाच जन्मसिद्ध हक्क आहे.

दोन्ही मजकूर एकाखाली एक लिहून काढा, मग ठरावाची धार दिसेल. कायदा म्हणतो, राज्य करणे हे आमच्या स्वरूपातच आहे. ठराव उत्तर देतो, स्वतःचे स्वतः पाहणे हे आमच्या स्वरूपातच आहे. सरकारचाच युक्तिवाद उचलून सरकारवर उलटवला आहे. ‘स्वातंत्र्य द्या’ असे त्यात नाही. ‘तो हक्क आम्ही सोडत नाही’ असे आहे, म्हणजे हक्क मुळात आमचाच आहे, देणारे तुम्ही कोण? सेन्सॉरच्या राज्यात, सरकारी सभागृहात, गव्हर्नरच्या डोळ्यांसमोर कामकाजात नोंदवले जाईल असे यापेक्षा धारदार वाक्य बसवणे शक्य नव्हते. ‘कॉमन सेन्स’च्या तोडीचे गोव्यात काय, असे विचारलेत तर मी हा ठराव दाखवीन. एक परिच्छेदभर आहे, पण त्याच्यामागे १८३२ पासूनचे शतक उभे आहे. मिनेझिस ब्रागांझांचे १९२८ पासूनचे ‘प्रकाश’ सेन्सॉरच्या जाचात बंद पडले. ते १९३८ मध्ये वारले.

पुढचे लेखन बहुतेक गोव्याबाहेर झाले आणि त्याला कारण होते. छापण्याआधी प्रत्येक मजकूर सेन्सॉरकडे जाई, पानावर ‘सेन्सॉरने तपासले’ असे छापावे लागे. लग्नपत्रिकासुद्धा तपासून घ्याव्या लागत, असे त्या पिढीतले लोक सांगत. अशा राज्यात पेन छापता येत नाही. चांदरचेच त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा पॅरिसमध्ये शिकून आलेले. १९२८ मध्ये त्यांनी गोवा काँग्रेस कमिटी स्थापली आणि कलकत्त्याच्या अधिवेशनात ती राष्ट्रीय काँग्रेसला जोडली. १९४४ ची त्यांची इंग्रजी पुस्तिका गोवेकरांच्या विराष्ट्रीकरणावर आहे. राजा, संसद, घटना यांच्या पलीकडे जाऊन ती विचारते की चारशे वर्षांत गोवेकराच्या मनाचे काय झाले. आपली भाषा, आपला पेहराव, आपली नावे यांची लाज वाटायला कुणी शिकवले? पेन यांच्या वाचकाला हा प्रश्न नव्हता, कारण तो इंग्रजी बोलणारा, इंग्रजांचाच वंशज होता. म्हणून कुन्हांना ‘गोव्याचे पेन’ म्हणणे मला अपुरे वाटते. त्यांचे काम अधिक अवघड होते.

१८ जून १९४६ ला मडगावात डॉ. लोहिया आणि असोळण्याचे डॉ. जुलियांव मिनेझिस यांनी सभाबंदी मोडली. त्यानंतरच्या धरपकडीत कुन्हांना लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात धाडले. पुरुषोत्तम काकोडकर, राम हेगडे, लक्ष्मीकांत भेंब्रे, पत्रकार जुझे इनासियो लोयोला हेही तिकडेच गेले. कुन्हा १९५३ मध्ये निसटून मुंबईला आले आणि ‘फ्री गोवा’ काढू लागले. १९५८ मध्ये, मुक्तीआधी तीन वर्षे, ते तिथेच वारले. तेलो द मास्कारेन्हस यांनी १९५० पासून मुंबईहून ‘रेसुर्ज, गोवा!’ चालवले, तेही पोर्तुगीज भाषेत, म्हणजे ज्याला ऐकवायचे त्याच्याच भाषेत. याच तेलोंनी १९२८ मध्ये आदेओदातो बार्रेतो यांच्यासोबत कोइंब्रात ‘इंदिया नोव्हा’ काढले होते. सालाझार ज्या विद्यापीठातून मंत्रालयात गेले, तिथेच, त्याच वर्षी, गोवेकर विद्यार्थी गांधी-टागोरांचा हिंदुस्थान छापत होते. तेलो पुढे गोव्यात पकडले गेले. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, पण त्यांची पोर्तुगालच्या तुरुंगातून सुटका व्हायला १९७० उजाडले.

तुमच्या ‘अर्जच करीत राहिले का’ या प्रश्नात थोडा राग आहे आणि तो मला समजतो. तरी अर्जांकडे तुच्छतेने पाहू नका. कौतो-गोन्साल्विस रिकाम्या हाताने परतले हे खरे, पण पेरेस दा सिल्वांची घटना, गोम्सांची संसदेतली भाषणे यांनी सरकारला काहीतरी लेखी कबूल करायला लावले. १९३० मध्ये मिनेझिस ब्रागांझांना ‘तुम्ही शब्द फिरवला’ असे ठणकावता आले, ते हे शब्द आधी घेतलेले होते म्हणून.

आता प्रबंधाचे. काळ १८२१ ते १९३० एवढाच धरा. १९४६ नंतरचे खूप लिहिले गेले आहे, हा मधला काळ दुर्लक्षित आहे. बसायची जागा पणजीतल्या पाट्टो इथले कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय. १८३२ चे हे ग्रंथालय, पेरेस दा सिल्वांची पुस्तिका छापली गेली त्याच वर्षीचे. जुन्या पत्रांचे बरेच अंक तिथे आता स्कॅन केलेले आहेत. मूळ अंक हाताळायची गरज पडली तर सांभाळून, कागद भुगा होतो. पोर्तुगीज वाचनापुरते शिकाच, सहा महिन्यांत अग्रलेख कळू लागतात. अनुवादांवर विसंबलात तर गोम्सांच्या पत्राचे झाले तसे होते, सोयीचे वाक्य राहते आणि गैरसोयीचे गळते.

प्रत्येक मजकुराला तीन प्रश्न विचारा : कुठे छापला, सेन्सॉर होता का, आणि लेखक ‘आम्ही’ म्हणतो तेव्हा त्यात कोण कोण येतात. तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. ‘ओ उल्त्रामार’चा ‘आम्ही’ आणि ‘भारत’चा ‘आम्ही’ वेगळे आहेत, आणि या दोघांतही सत्तरीचा कुळवाडी किंवा सालसेतचा मुंडकार, म्हणजे भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणारा, क्वचितच असतो. सुरुवात १९१० पासून करा. प्रजासत्ताक आल्यानंतरच्या महिन्यांतले पोर्तुगीज आणि मराठी मजकूर समोरासमोर ठेवा. राजा गेल्याचा आनंद दोन्हीकडे दिसेल, पण कशासाठी आनंद, ते निरनिराळे दिसेल. तिथून मागे १८३२ कडे आणि पुढे १९३० कडे जायला वाट सरळ आहे. पहिल्या प्रकरणाचा कच्चा खर्डा झाला की पाठवा. मिनेझिस ब्रागांझांच्या ठरावाचा तुमचा स्वतःचा मराठी अनुवादही त्यासोबत जोडा. तो तपासून देईन.